कुसुमच्या मापाचं चिलखत

कुसुम मासळी घ्यायला यायची ती डाव्या हातात चिलखत घालून. फक्त डाव्या. खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत करड्या रंगाचे तुकडे, एकावर एक चढलेले. उजवा हात साधा, त्यात दोन हिरव्या बांगड्या आणि पिशवी. त्या चिलखताच्या बोटांनी ती टोपलीतला बांगडा उचलायची, कल्ला उघडून आत लाल आहे का बघायची आणि पसंत नसला तर हळूच परत ठेवायची. हलिमाबी मासळीवाली पहिल्या दिवशी टोपली सोडून मागे सरकली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, हात भाजला काय गो. चौथ्या दिवशी म्हणाली, तो लोखंडाचा हात माझ्या माशाला लावू नको, गिऱ्हाईक पळतंय.

"लोखंड नाय हलिमाबी, फोम हाय," कुसुम म्हणाली. "तुमच्या बांगड्यापेक्षा हलका."

बाजार हसला. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी लोकांवर तोंड टाकीन तेव्हा कोणी म्हणायला नको की म्हातारा स्वतःला सोडून बाकीच्यांना बोलतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. होड्या बांधण्यात जन्म गेला, आधी लाकडाच्या, मग फायबरच्या. लिहायची सवय नाही. पण वाडीच्या शिमगा मंडळाने छापलेलं पत्रक वाचलं आणि डोकं फिरलं. कुसुमचा फोटो, आणि खाली लिहिलंय ‘मंडळाची निर्मिती’. तिचं नाव कुठेच नाही. म्हणून लिहितो. ज्यांनी तिला बघितलं नाही त्यांनी निदान वाचावं.

भाट्याच्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत ती रिक्षांची हुडं शिवायची. सीटंही शिवायची. पडवीत एक जाड शिलाईचं मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा तो वास, जो तिच्या साडीला कायमचा लागलेला. उंचीने इतकी लहान की स्वतः शिवलेल्या सीटवर टेकून बसली तर पाय खाली टेकायचे नाहीत. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. ते तिचं तिच्याबरोबर गेलं. रिक्षावाले घाई करायचे, कुसुमताई आज संध्याकाळपर्यंत हवंच. ती मशीन न थांबवता सांगायची, "पावसाला घाई असते. हुडाला नसते. घाईत शिवलं तर पाऊस आत." तिचं हूड गळलं असं रत्नागिरीत कोणी सांगून दाखवावं.

हे चिलखताचं खूळ तिच्या डोक्यात मोबाइलमुळे शिरलं. कुठल्या तरी परक्या मुलखातले लोक घरात बसून परग्रहावरच्या शिपायाचा पोशाख बनवतात, तो अंगात घालतात आणि त्यांना बघायला गर्दी जमते, असं काहीसं. एक दिवस मला बोलावून तिने ते दाखवलं. मी म्हणालो, हे थेर आपल्याला कशाला? ती म्हणाली, "तात्या, नीट बघा. फोम कापणं, सोल्यूशन लावणं, सांधा लपवणं. ही सगळी माझी कामं. ते करतात तर लोक तोंडात बोटं घालतात. मी करते तर म्हणतात, सीट उसवली, लवकर शिव." मला उत्तर सुचलं नाही. न सुचलं की मी रागावतो. रागावून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी होडीवर चढवतात ती फायबरची उरलेली मॅट तिला नेऊन दिली.

तिची पद्धत मी होडीच्या कामातही पाहिली नाही अशी होती. जुन्या पोलक्या-परकरावरून तिने स्वतःला चिकटपट्टीने गुंडाळून घेतलं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. मग माझ्या बायकोने पाठीमागून कात्री चालवून ती साल उतरवली. त्या सालीवर पेनाने रेघा मारल्या, रेघांवर कापलं, आणि ते तुकडे झाले तिचं माप. शहरातली एक व्यायामशाळा बंद पडली होती, तिथल्या जमिनीवरच्या जाड काळ्या मॅटी तिने आणल्या. गरम हवेच्या मशीनने तापवायच्या, मांडीवर दाबून बाक द्यायचा. डोक्यावरचा टोप कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पाठीसारखा, समोर जुन्या हेल्मेटची काच. छातीवर रिक्षाचा इंडिकेटर, बटण दाबलं की पिवळा लुकलुकायचा. आणि जो तुकडा तयार होईल तो घालून ती घरकाम करायची. पायाचे झाले तेव्हा ते घालून विहिरीवर गेली. छातीचा झाला तेव्हा तो घालून भाकऱ्या थापल्या. कोणी विचारलं की एकच उत्तर, "अंगाला कळू दे आधी. अंगाला कळलं की मग लोकांना दाखवू."

कोपर मात्र वाकेना. तीनदा केलं, तीनदा फेकलं. एके दिवशी दुपारी तिची हाक आली. गेलो तर ताटात कोळंबी सोलत बसलेली. एक मोठी कोळंबी दोन बोटांत धरून वाकवत होती, सरळ करत होती, परत वाकवत होती. "बघा तात्या, देवानं कधीचं करून ठेवलंय. एक टरफल दुसऱ्याच्या आत सरकतंय, आणि खाली मऊ कातडी." त्या मऊ कातडीच्या जागी तिने रेक्झिन लावलं, आणि कोपर वाकलं. मी होडीवाला. जन्मभर कोळंबी खाल्ली. मला ते कधी दिसलं नव्हतं.

आता आमच्याकडचा शिमगा सांगायला हवा. पालखी सहाणेवर येते, म्हणजे गावातल्या देवाच्या चौथऱ्यावर. तिथून सोंगं पुढे आणि पालखी मागे अशी घरोघर निघते. निघण्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. तो मान आमच्या घराकडे. मी हात जोडून देवाला एकेक गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. माझे वडील घालायचे, आता मी घालतो. कुसुमला तिचं चिलखत घालून त्या पालखीपुढे चालायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला. बक्षीस नको, टाळ्या नकोत.

मंडळाचा अध्यक्ष मधू. माझाच पुतण्या, म्हणून नाव घेऊन सांगतो. चिलखत बघून तो हरखला. बॅनर छापू म्हणाला, माझ्या मेव्हण्याला घालतो म्हणाला, तो उंचापुरा आहे. कुसुम म्हणाली, मी घालणार. मधू हसला. म्हणाला, बायका सोंग घेत नाहीत.

"लुगडं नेसून, मिशी ठेवून तुझा मेव्हणा नाचतो, त्याला बायका ओवाळतात," कुसुम म्हणाली. "पुरुषानं बाईचं सोंग घेतलेलं देवाला चालतं. आणि ह्याच्यात तर बाई-पुरुष काय, माणूस पण नाय. परग्रहावरचा हाय."

माझ्या पुतण्याला यावर बोलता आलं नाही. आमच्या घराण्यात हा दोष आहे. तो म्हणाला, ठीक, पालखीच्या चार दिवस आधी भर उन्हात घरापासून सहाणेपर्यंत चालून दाखव, झेपलं तर बघू. मेव्हण्याला असं चालायला लावलं असतं का? पण ती बरं म्हणाली.

आणि इथे माझी गोष्ट येते. छातीच्या तुकड्याला आतून फायबर द्यायचं म्हणून चिलखत माझ्या शेडमध्ये होतं. कुसुम दोन दिवस बहिणीकडे पावस गावी गेली. मी काम संपवलं आणि उजेडात धरून बघितलं तर काखेखाली, बरगड्यांच्या कडेला, मानेमागे बोट जाईल एवढ्या फटी. माझ्या डोळ्याला ते सोसेना. चाळीस वर्षं माझा एकच धडा, फट दिसली की बुजवायची. होडी बांधणाऱ्याची अब्रू फटीत असते. मी मॅट कापली, घट्ट वाळणारं रेझिन लावलं, घासलं, वरून रंग दिला. कुठे फट होती हे देवालाही सापडू नये असं काम केलं. खूश होऊन झोपलो.

कुसुम आली. तिने काखेखाली जिथे फट होती तिथे बोट फिरवलं. मानेमागे फिरवलं. मग म्हणाली, "तात्या, इथे फटी होत्या."

"राहिल्या होत्या. बुजवल्या."

"राहिल्या नव्हत्या. ठेवल्या होत्या."

मी चिडलो. म्हणालो, चाळीस वर्षांत माझ्या होडीत थेंब शिरला नाही, तू मला सांधे शिकवतेस? ती म्हणाली, "बरं." वडीलधाऱ्याच्या तोंडावर त्याचं काम फोडायचं नाही म्हणून ती बरं म्हणाली. मी ती शाबासकी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती निघाली. शिमग्याआधीचं ऊन, जांभ्याची पाखाडी तापलेली, पायऱ्यांवरून वाफ मारत होती. वाडी दोन्ही बाजूंना उभी. पहिल्या वळणापर्यंत हसत होते, पुढे हसणं थांबलं. ती लहानखुरी बाई त्या चिलखतात अशी चालत होती की तिच्या पायाला ती वाट पाठ आहे असं वाटावं. पाठ होतीच, विहिरीवर जाऊन जाऊन. छातीवर पिवळा दिवा लुकलुकत होता. सहाणेपर्यंत पोहोचली, वळली, देवाला नमस्कार करायला हात उचलले आणि गुडघ्यांतून खाली बसली. मी धावलो. टोप काढला तर चेहरा शिजवलेल्या कुर्लीसारखा लाल. पायाचे तुकडे सोडवले तर आतून घाम असा ओघळला, जसं होडीचं बूच काढल्यावर पाणी यावं. माझ्या होडीत पाणी शिरत नाही. आत असलेलं बाहेरही जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मंडळाची बैठक बसली. मधू उभा राहून म्हणाला, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंत, बाईमाणसाचं काम नव्हे ते, मेव्हणा घालील. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तिच्या वयावर गेला, कोणी ब्लडप्रेशरवर. एक तर म्हणाला, बायकांचं काय सांगावं, देवाजवळ यायचे दिवस असतील-नसतील. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या शर्टाचं बटण लावलं नाही ते तिला झेपतं की नाही हे ठरवत होते. पण त्यांच्यावरचा राग राहू दे. कुसुम पायरीवर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला, फटी मी बुजवल्या. चाळीस वर्षांचा नावाजलेला माणूस मी, त्या वाक्यापुढे माझी जीभ उचलली नाही. आणि तिनेही ते सांगितलं नाही. फक्त उठताना म्हणाली, "चिलखत माझ्या मापाचं हाय. मेव्हण्याला व्हायचं नाय."

तिसऱ्या दिवशी तिच्या पडवीतून करवतीचा आवाज आला. गेलो. ती काखेखालचं माझं फायबर कापायला बघत होती, पण ते रेझिन साधं नव्हे, ब्लेड घसरत होतं. मला बघून तिने करवत पुढे केली. "तुमच्या हातानं बुजलंय, तुमच्याच हातानं उघडा." मी तासभर बसून माझं सगळ्यात सफाईचं काम फोडलं. शेवटी न राहवून विचारलं, तुला तर ते नेणार नाहीत, मग उघडतेस कशाला?

"सोंग नीट असायला पायजे," ती म्हणाली. "निघो न निघो."

पालखीच्या सकाळी ती चिलखत घालून आली आणि सहाणेच्या कडेला फणसाखाली उभी राहिली. पुढे आली नाही, मागेही गेली नाही. मधूने हाताने बाजूला हो अशी खूण केली. ढोल थांबले. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो.

नेहमीचं आधी सांगितलं. दर्यात गेलेल्या होड्या सुखरूप आण. व्हय महाराजा. मुंबईच्या पोरांची नोकरी राख. व्हय महाराजा. आंब्याचा मोहर गळू देऊ नको. व्हय महाराजा. मग श्वास घेतला.

"आणि देवा, ही तुझी लेक कुसुम. हिनं आपल्या हातानं सोंग केलं, आपल्या अंगावर घातलं, ते तुझ्या पायाशी आणलंय. ते गोड मानून घे."

"व्हय महाराजा."

"त्या दिवशी ती पडली ती बाई म्हणून नव्हे. वारा यायला तिनं फटी ठेवल्या होत्या, त्या तुझ्या ह्या म्हाताऱ्यानं शहाणपणा करून बुजवल्या. आणि बैठकीत तो तोंड शिवून बसला. त्याची चूक पोटात घाल."

"व्हय महाराजा."

"आणि आजपासून जो सोंग करील तोच ते घालील. त्याला जो आडवा येईल त्याला तू बघून घे."

"व्हय महाराजा." हा सगळ्यांत मोठा आला. मधूचाही आवाज त्यात होता, डोळे मिटून, हात जोडून, लहानपणापासूनच्या सवयीने. मग एकेकाचे डोळे उघडले. कोणी कोणाकडे बघेना. पण झालं ते झालं. मंडळाचा ठराव खोडता येतो. देवापुढे म्हटलेलं व्हय खोडता येत नाही, ही आमची वहिवाट आहे आणि ती मी नाही केलेली.

कुसुम फणसाखालून निघाली आणि पालखीपुढे जाऊन उभी राहिली. दुपार होईपर्यंत चालली, दारोदार. एकदाही बसली नाही. नाक्यावर हलिमाबी टोपली घेऊन बसली होती. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अगो, दुसरा पण हात झाला काय?"

संध्याकाळी मी तिला विचारलं, तू बैठकीत का नाही सांगितलंस की चूक माझी होती. ती पायाचे पट्टे सोडत होती. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"आणि मी नसतं सांगितलं तर?"

"तर परत तुमच्याकडे फायबर मागायला आले नसते," ती म्हणाली. "एवढंच."

त्या एवढंच शब्दाने मी जितका घाबरलो तितका वादळात घाबरलो नाही.

पुढे दोन शिमगे ती चालली. दरवर्षी काहीतरी नवीन. एकदा पाठीवर कुर्लीच्या नांग्यांसारखे दोन हात लावले, ते चालताना हलायचे. मग भाद्रपदात छातीचं दुखणं झालं आणि आठ दिवसांत गेली. दिवसकार्याला मधूने भाषण केलं, म्हणाला, बाई असून एवढं केलं. बाई असून. मी तिथून उठून आलो. होडी बांधली तर मला कोणी पुरुष असून बांधली म्हणालं नाही.

तिच्या बहिणीने चिलखत विश्वासाने मंडळात ठेवायला दिलं. मंडळाने ते स्वतःच्या नावावर करून टाकलं, ते पत्रकात आलंच आहे. आणि गेल्या आठवड्यात मधू आणि त्याचा मेव्हणा ते चिलखत घेऊन माझ्या शेडमध्ये आले. मेव्हण्याने चढवून बघितलं होतं. छातीचा तुकडा त्याच्या गळ्याशी अडकत होता आणि पायाचे गुडघ्याच्या वर राहत होते. मधू म्हणाला, "तात्या, सांधे कापून जरा मोठं करून द्या. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" मला खूश करायला म्हणाला. काही वर्षांपूर्वी मी खूश झालोही असतो.

मी चिलखत त्यांच्याकडून घेतलं, कपड्याने पुसलं आणि आढ्याला टांगलं. त्याच्यात माझ्या हाताची भर पडणार नाही म्हणून सांगितलं. एकदा पडली होती, तेवढी पुरे. मधू गाऱ्हाण्यातलं व्हय विसरला असेल, देव विसरलेला नाही हेही सांगितलं. मेव्हणा जरा गरीब स्वभावाचा आहे, तो तोंड पाडून म्हणाला, मग मी काय करू तात्या, मला चालायचंय पालखीपुढे.

शेडमध्ये फोमचा एक तुकडा होता तो मी त्याच्या हातात दिला. म्हणालो, आधी डावा हात कर. तुझ्या मापाचा. तो घालून हलिमाबीकडे बांगडा आणायला जा. लोक हसतील. आठ दिवस हसू दे. नवव्या दिवशी पण तुला तो हात घालावासा वाटला, तर ये माझ्याकडे. मग उजव्याचं बघू.